कोपऱ्यातली खाट

सांगून सांगून आयाच्या तोंडाला फेस आला, पण एकीनंही विश्वास ठेवला नाही. कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेवर कोणीतरी असतं. चादर कितीही ताणून घातली तरी दुपारपर्यंत ती मधोमध खोलगट होते, आणि हात ठेवला तर ऊब लागते. बायकांच्या वॉर्डात आयाचं काम करता करता तिची कंबर गेली होती. नसती सोंगं करायला तिला वेळ कुठे होता? मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुमची झोप पुरी होत नाही." तेवढं मात्र खरं होतं.

आज गप्प बसून चालणार नव्हतं. तिची धाकटी जाऊ बाहेरच्या बाकावर धापा टाकत होती. तिला ऑक्सिजन हवा होता आणि मोकळी नळी फक्त त्या कोपऱ्यात होती.

"दुसऱ्या कुणाला तिकडे हलवा. माझ्या जावेला तिची खाट द्या," आया म्हणाली.

"म्हणजे दुसऱ्या कुणाची जाऊ मेली तर चालेल?" सिस्टरांनी विचारलं.

आयाला चाललं असतं.

खाटा वाटायचं काम नोंदणीच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या पोराच्या कॉम्प्युटरकडे होतं. जिची जी अडचण, ती तो अट म्हणून आत घालायचा. सगळ्या अटी एकदम पाळणारी मांडणी सापडली तर मशीन ती दाखवायचं. नाहीतर ती का होऊच शकत नाही, हे पायरीपायरीनं सिद्ध करायचं. एक गोष्ट धरून चालायचं, अडलं की मागे फिरायचं, आणि ती चूक पुन्हा करायची नाही. माणसांना एवढंही जमत नाही.

आज मशीननं सिद्ध केलं: कोपऱ्यातली खाट रिकामी नाही.

"ही अट कुणी घातली?" सिस्टरांनी आयाकडे पाहिलं.

"कुणीच नाही," चष्मेवाला म्हणाला. "ही अट नाहीये, सिस्टर. बाकीच्या अटींतून हे निघालंय."

तो खालून वर एकेक पायरी वाचत गेला. शेजारची म्हातारी: मला त्या कुशीवर निजवू नका, तोंडावर श्वास येतो. समोरची शिंपीण: माझा पडदा लावूनच ठेवा, तिकडून बघतात. झाडूवाली: तिथला पाण्याचा तांब्या मला दोनदा भरावा लागतो. प्रत्येकीनं हळूच, त्याच्या कानात सांगितलेलं. आणि याच सगळ्या आयाला हसत होत्या.

"आणि ही तुमची, सिस्टर. कोपऱ्यातला दिवा मालवायचा नाही."

सिस्टर स्टुलावर बसल्या. "मालवला की... रडते ती."

आयाला राग येण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. "कोण आहे ते विचार त्या मशीनला. हाताला धरून बाहेर काढते. ती खाट माझ्या जावेला हवीय."

"माझ्याकडे नावं फक्त इथल्या बायकांची आहेत, मावशी. असलेल्या, आणि आज येणाऱ्या."

"त्यांतच बघ."

मशीन एकेक नाव त्या खाटेवर ठेवून पाहू लागलं. अडलं, उचललं. दुसरं. अडलं. मग एक नाव ठेवलं आणि ते तिथेच राहिलं; एकही अट मोडली नाही.

चष्मेवाल्यानं कॉम्प्युटरचा पडदा स्वतःकडे वळवला.

बाहेरच्या बाकावरची धाप थांबली होती. ती आता कोपऱ्यातून ऐकू येत होती.

"वाच," आया म्हणाली.

"मावशी... तुमची धाकटी जाऊ."