ल्यूबेनची सही

त्या शनिवारी त्सोन्काला ऑफिसात जायचंच नव्हतं. नोव्हेंबरातला मृतांचा शनिवार होता. त्या दिवशी रुसे शहरात शहाणं माणूस गहू शिजवतं, वर पिठीसाखर नि अक्रोडाचा कूट पसरतं आणि कबरस्तानाची वाट धरतं. त्सोन्कानेही सकाळीच गव्हाचा डबा भरला होता, गेलेल्या नवऱ्यासाठी. तेवढ्यात ऑफिसातल्या क्रासिमिरचा फोन आला. सोमवारी नगरपालिकेची माणसं येणार, फरशी आरशासारखी हवी. दोन तासांचं तर काम. आज दिवस कोणता आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. स्वतःच्या आजोबांना कुठे पुरलंय तेसुद्धा त्याला फोनमध्येच बघावं लागलं असतं.

डॅन्यूबवरून धुकं चढून रस्त्यात येऊन बसलं होतं. भर बाराला दिवे लागलेले. ऑफिसच्या इमारतीच्या दारावर इथल्याच ल्यूबेनचा मृत्यूचा कागद होता, सप्टेंबरात लावलेला, त्याला जाऊन सहा महिने झाल्याचा. काळी चौकट, आत फोटो, खाली नाव नि वय. एक्केचाळीस. चाळिसाव्या दिवसाचा जुना कागद त्सोन्कानेच खरवडून काढला होता आणि हा नवाही तिनेच चिकटवला होता, कारण त्याच्या म्हाताऱ्या आईचा हात तिथवर पुरत नव्हता. वरच्या मजल्यावरची उरलेली अकरा माणसं रोज त्याच दारातून ये-जा करत होती, पण एकाचाही हात पुढे आला नाही. आठ-आठ तास बोटं चालवणारी माणसं, पण कागदाला गोंद लावायचा म्हटला की लकवा.

ल्यूबेन मार्चमध्ये गेला. ऑफिसातच, खुर्चीत, दुपारच्या वेळी. खोकला आला म्हणून निलगिरीची गोळी तोंडात टाकली, आणि ती पुरती विरघळलीही नाही.

त्या अख्ख्या कळपात माणूस म्हणावं असा तो एकटाच. हे लोक बनवायचे काय, तर म्हाताऱ्यांच्या गळ्यात अडकवायचं लाल बटण. दाबलं की फोन थेट मदतकेंद्रात. त्सोन्काची आई मित्रा, वय ब्याऐंशी, गावी एकटीच राहायची. तिच्या गळ्यात ते बटण ल्यूबेननेच फुकट घातलं होतं. त्सोन्काने एकदा विचारलं होतं, "एवढं एक बटण, आणि बाराजण दिवसभर करता काय रे?"

"मावशी, सगळं आम्ही थोडंच बनवतो?" तो हसला होता. "निम्मे तुकडे जगातल्या कुणाकुणाचे उसने असतात. ते लोक तुकडे सुधारत राहतात. मग आमचा पोस्टमन दर शनिवारी जाऊन नवे तुकडे घेऊन येतो. पोस्टमन म्हणजे माणूस नाही, प्रोग्रॅम आहे. आणि तुकडे तपासायला आपल्याच मागच्या खोलीतली यंत्रं. भाड्याची नाहीत, घरची. प्रत्येक तुकड्यासाठी तिथे एक गडी उभा राहतो, तपासतो, काम झालं की जातो. मध्येच मेला तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो, त्याच नावाने. क्लस्टर म्हणतात त्याला."

"म्हणजे बाजारातून बरण्या आणायच्या."

"बरोब्बर!"

"मग झाकण दाबून बघता की नाही? फुगलेलं झाकण असलं तर सगळं घर आडवं होतं."

त्यावर तो केवढा खूश झाला होता. दुसऱ्या दिवशी त्याने नियमच केला. गड्याने पास म्हटलं तरी माणसाने उघडून बघितल्याशिवाय एकही तुकडा आत घ्यायचा नाही. प्रत्येक तुकड्यावर ल्यूबेनची सही. नियमाला नाव काय दिलं, तर 'त्सोन्काचं झाकण'. बाकीचे दात काढत राहिले.

वर फक्त दोघे होते. क्रासिमिर, या लोकांचा मुकादम, हातात ते टकटक वाजणारं पेन. बोलताना टक, ऐकताना टक. आणि यावोर, पस्तिशीचा, खांदे पाडून बसलेला. क्रासिमिरने आत्ता डोळे वटारले असते तर त्याने खुर्चीसकट माफी मागितली असती.

त्सोन्काने बादली ठेवली, डबा उघडला. "ल्यूबेनच्या नावाने एक-एक चमचा घ्या रे. आजचा दिवस आहे."

यावोर उठला, चमचा घेतला, पुटपुटला, "देव त्याला क्षमा करो."

क्रासिमिरने मानही वळवली नाही. "मी साखर सोडलीय, मावशी."

"साखर सोडलीस, लाज कधी सोडलीस?"

"फरशी," क्रासिमिर म्हणाला. टक.

तिने डबा मागच्या खोलीत यंत्रांच्या कपाटावर ठेवला, झाकण घट्ट लावून. ऊबदार जागा होती, गहू गार झाला नसता. सात यंत्रं एका सुरात घुमत होती. तापलेल्या धुळीचा वास होता. ती फडकं पिळत राहिली आणि दारातून तिला सगळं ऐकू येत राहिलं.

प्रकरण असं होतं. ल्यूबेन गेल्यापासून उघडून बघायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. पोस्टमन दर शनिवारी ओझं आणून टाकी आणि ते उंबऱ्यात साचे. नगरपालिकेची अट होती, एकही तुकडा जुना नको. मग साहेबांनी अक्कल पाजळली. नियमच काढून टाकायचा. गड्याने पास म्हटलं की सही आपोआप.

"पण सही ल्यूबेनची पडणार," यावोर म्हणाला. "पोस्टमन अजून त्याच्याच नावाच्या किल्लीवर चालतोय. आपण बदललीच नाही ना."

"पडू दे. तो काय तक्रार करायला येणारे?" टक.

आठ महिने हे लोक मेलेल्याच्या किल्लीने दारं उघडत होते. का, तर नवी किल्ली करायची म्हणजे अर्धा दिवस काम. त्सोन्का मनात म्हणाली, हा प्रेतालासुद्धा सुखाने पुरू द्यायचा नाही, आधी म्हणेल, बाबा, जाता जाता एवढी पोती पोचव.

एक्केचाळीस तुकडे होते. यावोर मोठ्याने मोजत होता. एक, आत, ल्यूबेनची सही. दोन, आत, ल्यूबेनची सही. पडद्यावर हिरव्या खुणा चढत गेल्या. चाळीसपर्यंत.

मग तो थांबला.

"काय झालं?"

"हा घेत नाहीये. गड्याने पास केलाय, पण... सही अडवलीय. खाली काहीतरी लिहिलंय."

त्सोन्का दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर एकच ओळ होती. *उघडून बघितलं नाही.* शेजारी ल्यूबेनचा छोटा फोटो. दारावर होता तोच.

"यावोर, चेष्टा पुरे."

"आईशप्पथ, मी नाही."

"मग ती किल्लीच रद्द कर. माणूसच यादीतून काढ. आधीच काढायला हवा होता."

यावोरने काढला. फोटो गेला, ओळ राहिली. मागच्या खोलीतला घुमारा किंचित खाली उतरला, एखाद्याने बोलायच्या आधी श्वास घ्यावा तसा.

"एक गडी अजून चालू आहे," यावोर हळूच म्हणाला.

"मार त्याला."

"मारला. परत उभा राहिला."

"राहणारच, क्लस्टर असतो कशासाठी?"

"क्रासिमिर... मेलेल्यांना परत उभं करणारी यादीच मी रिकामी केलीय. यादीत कुणी नाहीये. आणि हा चालू आहे."

क्रासिमिरचं पेन थांबलं होतं. आणि मग त्सोन्काच्या नाकाला निलगिरीचा वास आला. तिने खोली पुसली होती ती साध्या पाण्याने.

"अरे साहेबा," ती म्हणाली, "एक बरणी उरलीय. उघड नि बघ ना एकदा. काय झिजतं तुझं?"

"मावशी, तू फरशी पूस." क्रासिमिरने यावोरला बाजूला ढकललं, स्वतःच्या किल्लीने, स्वतःच्या सहीने तपासणी ओलांडली आणि एक्केचाळिसावा तुकडा आत ढकलला. पडदा नखशिखांत हिरवा झाला. "बघितलंस? भूत कुठलं!" टक, टक.

त्सोन्काने फोन काढला. त्या पडद्यामागे कुठेतरी तिची आई लटकत होती. "आई, तुझं बटण दाब बरं एकदा."

"पडले नाहीये गं मी."

"दाब म्हणते ना! यावोर, तू मदतकेंद्राला लाव. मित्रा आजीचा फोन आलाय का, विचार."

यावोरने लावला. तिकडची बाई म्हणाली, नाही, काहीच नाही, सकाळपासून एवढी शांतता कधी नव्हती.

"परत दाब, आई. जोरात."

"दाबलं की. तीनदा दाबलं."

तिकडची बाई म्हणाली, काही नाही.

यावोरचा चेहरा धुक्यासारखा झाला. नऊ हजार म्हाताऱ्यांच्या गळ्यात त्या क्षणी नुसतं लाल प्लॅस्टिक लोंबत होतं. पडदा मात्र हिरवागार.

"आई, ऐक, कुठे जाऊ नकोस, पायरी उतरू नकोस, बटण बंद पडलंय..."

"बंद कुठलं? बोलला की तो."

"कोण?"

"तुमचा माणूस. पहिल्याच दाबाला उचललं त्याने. खोकत होता बिचारा. म्हणाला, आजी, घाबरू नका, एक झाकण फुगलंय, ते बाहेर काढेपर्यंत सगळे फोन मीच घेतोय. आणि म्हणाला, त्सोन्काला सांगा, गहू छान झालाय."

त्सोन्काने फोन कानावरून खाली घेतला. आई फोनवर ओरडूनच बोलायची, क्रासिमिरने सगळं ऐकलं होतं. तो यंत्राला हात लावेना, म्हणून शेवटचा तुकडा यावोरनेच उपसून काढला. अकरा मिनिटं लागली. मग मदतकेंद्रातली बाई म्हणाली, हं, आता आला मित्रा आजीचा फोन.

त्सोन्का मागच्या खोलीत गेली. सातही यंत्रं नेहमीच्या सुरात घुमत होती. डबा जागेवर होता, झाकण घट्ट. तिने ते उघडलं. पिठीसाखरेच्या थरात एका चमच्याचा खड्डा होता, यावोरने घेतला होता तेवढा. त्याच्या शेजारी दुसरा.

सोमवारी नगरपालिकेची माणसं आली, फरशी बघून गेली. यावोरने एक्केचाळिसावा तुकडा उघडून बघितला. आत खरोखरच घाण निघाली. कुणीतरी दूर बसून मुद्दाम घातलेली. त्याने नियम परत लावला आणि आता दर शनिवारी तो स्वतः सही करतो. क्रासिमिर मात्र सगळ्यांना सांगत फिरला की म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि झाडूवालीला कामाचं काही कळत नाही. तोंड वर करून सांगत फिरला. आणि त्या मोडक्या तुकड्यावर नोंदीत सही त्याचीच राहिली. ती पुसता येत नाही म्हणे.

तीन आठवड्यांनी त्सोन्का गावी गेली. आई चुलीपाशी मिरच्या सोलत बसली होती. बटण तिच्या गळ्यात होतं.

"तो खोकणारा बोलतो का गं अजून?" त्सोन्काने सहज विचारलं.

"शनिवारी बोलतो. बारा वाजता मी दाबते. हवा-पाण्याचं विचारतो." आईने मिरचीचं बी झटकलं. "पण गेल्या खेपेपासून तिथे दोघे आहेत."

"दोघे?"

"दुसरा बोलत नाही. नुसता बसलेला असतो जवळ. काहीतरी वाजवत असतो हातात... टक... टक..."

सोमवारी सकाळी त्सोन्का कामावर आली तेव्हा क्रासिमिर तिच्या आधीच पोचला होता. धडधाकट, गालात चीजची बनित्सा कोंबलेली. काचेमागून त्याचं पेन ऐकू येत होतं. तिने बादली उचलली आणि मुकाट खाली आली, रस्त्याकडचं दार पुसायला.

ल्यूबेनच्या कागदाच्या उजवीकडे वर्षावर्षांच्या गोंदाची खरूज होती. ती कधीच निघायची नाही. त्सोन्काने चाकूने घासून बघितलं होतं. आज तिथे एका कागदाएवढी जागा लख्ख झाली होती, चारी कोपरे काटकोनात. कुणीतरी नुकतीच पुसली होती. लाकूड अजून ओलं होतं, आणि त्याला निलगिरीचा वास येत होता.

त्सोन्काच्या हातातलं फडकं कोरडं होतं.