पिसांच्या नक्षीचा कागद

दारात उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाच्या खिशातून मांजराचं एक पिल्लू डोकं काढून बघत होतं, त्यामुळे पहिलं वाक्य काय बोलावं हेच तिला सुचेना.

“कार्डांसाठी कागद कापायचं मशीन... इथंच विकायचंय ना?” त्यानं विचारलं.

“मशीन इथंच. पण हे काय?”

“हा पेशंट.” त्यानं खिशावर अलगद हात ठेवला. “आईनं टाकलंय याला. सारखं दूध पाजावं लागतं, म्हणून बरोबर घेऊनच हिंडतो. मी प्राण्यांचा डॉक्टर आहे... चोर नाही.”

“चोर पेशंट घेऊन येत नाहीत. या आत.”

आतल्या खोलीत वहिनी खुदकन हसली. पाहुणा उंबऱ्यात असतानाच नणंदेची कात्री चालू झाली होती.

घरात तिला सगळे कात्रीच म्हणत. लहानपणापासून हातात कायम कात्री, आणि जिभेचं तर विचारूच नका. चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायचं तिचं काम होतं, आणि दिवसभर असल्या नाजूक कामात रमलेली बोटं संध्याकाळी घरी आली की कार्डं करत. एके काळी दर रविवारी तिच्या खोलीत मैत्रिणींचा नुसता कलकलाट असे. कुणी चिकटवहीत सहलीची तिकिटं लावतेय, कुणी फोटोंना कोपरे करतेय, कुणी डिंकानं माखलेल्या हातानं चहाचा कप उचलतेय. बाजारातल्या दुकानात तर एक अख्खी भिंत नक्षीच्या कागदांची होती. मग फोटो मोबाइलमध्ये गेले आणि तिथंच राहिले. शुभेच्छा एका अंगठ्यानं सगळ्या गोतावळ्याला एकदम जाऊ लागल्या. मैत्रिणी एकेक करून ‘पुढच्या रविवारी नक्की’ म्हणत गळाल्या, आणि दुकानातल्या त्या भिंतीवर मोबाइलची कव्हरं लटकायला लागली.

आता वहिनीला दिवस भरत आले होते. मशीनच्या टेबलाच्या जागी पाळणा यायचा होता. वहिनी ‘नको गं, राहू दे’ म्हणत होती, पण कात्रीनं एकदा ठरवलं की ठरवलं.

तिनं त्याला मशीन चालवून दाखवलं. खाली प्लेट, मग कागद, त्यावर मांजराच्या आकाराचा साचा, वर दुसरी प्लेट. हँडल फिरवलं तसा कडाड्कन आवाज झाला आणि डॉक्टर दचकून मागे सरला.

“मोडलं!”

“मोडलं नाही. ते असंच बोलतं. घाबरायचं नाही.”

खिशातलं पिल्लूही दडून बसलं होतं. तिला हसू आलं, पण ते तिनं दाबलं.

“तुम्हाला हे हवंय कशाला? हल्ली कोण करतं कार्डं?”

तो जरा घुटमळला. “माझे सगळेच पेशंट बरे होत नाहीत... इतकी वर्षं कुत्रं सांभाळलेला माणूस नुसता पट्टा हातात घेऊन बाहेर पडतो. त्याला काहीतरी पाठवावंसं वाटतं हो. दुकानात कार्डं बघितली, तर सगळ्यांवर फुगे.”

कात्रीनं साच्यांचा डबाही मशीनच्या खोक्यावर ठेवला.

“हे पण न्या. पण एक सांगून ठेवते... एकदा विकलेलं मी परत घेत नाही हं!”

“परत द्यायचंय कुणाला?” तो म्हणाला, आणि खोकं उचलताना उगाचच तिच्याकडे बघत राहिला.

त्याचा पहिला फोन दुसऱ्याच दिवशी आला. कागद साच्यात अडकला होता.

“सुईनं हळूच टोचून काढा.”

“इंजेक्शनची चालेल?”

मग रोजच काही ना काही अडू लागलं. प्लेट वाकली, डिंक ओघळला, कागद सरकला. एकदा त्यानं केलेल्या कार्डाचा फोटो पाठवला.

“हा बटाटा छान झालाय,” ती म्हणाली.

“कुत्रा आहे तो.”

“मागून?”

“समोरून!... बरं, आतला मजकूर ऐका तरी.” आणि त्यानं वाचून दाखवला. दोनच वाक्यं होती, कुत्र्याच्या शेपटीबद्दल. बटाटा म्हटल्याचा तिला पश्चात्ताप झाला.

“तुम्ही आत काय लिहिता?” त्यानं विचारलं.

“काहीच नाही. बाहेरचं मी करते, आतलं ज्याचं त्यानं लिहावं.”

“इतकी कार्डं केलीत आणि एकातही एक अक्षर नाही? कुणाला... आपण होऊन लिहावंसं वाटलंच नाही?”

“तुमचा डिंक वाळतोय,” असं म्हणून तिनं फोन ठेवून दिला. गाल का तापलेत हे तिला कळत होतं, आणि कळतंय हेच तिला नको होतं.

“मशीन बिघडलंय की डॉक्टर?” वहिनीनं विचारलं. कात्रीनं उशी फेकून मारली.

खरं तर आपण होऊन लिहायच्या एका कार्डाची तयारी तिनं फार पूर्वीच करून ठेवली होती. पहिल्या पगारातून तिनं एक कागद घेतला होता. गडद निळा, त्यावर बारीक पांढऱ्या पिसांची नक्षी. दुकानात तो शेवटचाच होता, आणि बनवणाऱ्यांनी पुढं ती नक्षीच बंद केली. रविवारच्या मैत्रिणी त्याचा एखादा तुकडा मागून मागून दमल्या. कागद जमवणाऱ्यांची ही खोडच असते. जो कागद सगळ्यात जास्त आवडतो, त्याला कात्री लावायचा धीर होत नाही. “हा एकाच कार्डासाठी कापायचा,” एवढंच ती म्हणे. कुणाच्या, ते फक्त वहिनीला ठाऊक होतं. ज्याला स्वतःच्या हातानं लिहावंसं वाटेल, अशा माणसाच्या.

पाळणा आला त्या दिवशी तिनं कपाट आवरायला काढलं आणि तिला तो कागद आठवला. वाकू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून तिनं तो आडवा ठेवला होता... मशीनच्या खोक्याच्या तळाशी.

ती तशीच दवाखान्यात गेली. बाकावर मांडीत ससा घेतलेली एक कॉलेजची मुलगी बसली होती. आत डॉक्टर हसतमुखानं उठला. “अरे वा, तुम्ही! आज तर मशीन अगदी...”

टेबलावर तिचा कागद होता. बरोब्बर मध्ये चौकोनी भोक पडलेला.

“मधोमध?” तिचा आवाज चिरकला. “कागद कोपऱ्यातून कापतात! मधोमध कोण कापतं?”

“मला वाटलं, मध्ये नक्षी जास्त छान आहे...”

“तो मी विकला नव्हता! चुकून गेला होता तो.”

त्याचा चेहरा पडला. “अहो, मला खरंच... साच्यांबरोबरचाच वाटला. एका बाईंची मांजर गेली, त्यांना पाठवलं कार्ड.”

“मांजरासाठी?”

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. बाकावरच्या मुलीनं सशाला छातीशी धरलं.

“हो,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाला. “मांजरासाठी. मी भरपाई करीन...”

“त्याची भरपाई होत नसते,” असं म्हणून ती निघाली. कागदही तिथंच राहिला.

त्यानंतर फोन आला नाही. कात्री दुकानात गप्प आणि घरात त्याहून गप्प. दादासुद्धा म्हणाला, “हिला कुणीतरी धार लावून आणा रे.” कुणीच हसलं नाही. आपण कागदासाठी इतके चिडलो, की तो कागद ज्याच्यासाठी कापायचा त्यानंच तो न विचारता कापला म्हणून, हे तिचं तिलाच उमगत नव्हतं.

मग एका सकाळी दुकानात एक वयस्क बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, ताठ पाठीच्या. कात्रीनं त्यांचा वाचायचा नवा चष्मा बेतून दिला आणि वाचून बघायचा तक्ता पुढं केला.

“तक्ता राहू दे गं. मला जे वाचायचंय ते दिसतंय का बघते.” बाईंनी पर्समधून एक कार्ड काढलं.

गडद निळं, पांढऱ्या पिसांचं. त्यावर चिकटवलेल्या मांजराचा एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा होता.

बाई वाचू लागल्या. “‘तिनं डोळे मिटले तेव्हा तिचा पंजा तुमच्या बोटावर होता. मी ते पाहिलं आहे. ती घाबरली नव्हती.’” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मी त्या वेळी डोळे मिटून घेतले होते गं. बघवत नव्हतं. वाटायचं, ऐन वेळी तिला एकटं सोडलं आपण. हे आलं आणि त्या रात्री मला झोप लागली.”

कात्रीनं हातातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि कार्ड जवळून बघितलं.

“कागद किती देखणा आहे नाही? कुठून आणला कुणास ठाऊक.”

“चांगल्या कामी आला, बाई,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला ते मनापासून पटलं. आपण इतकी वर्षं तो जपला, आणि त्यानं एका दिवसात तो कुणाच्या तरी उशाशी नेऊन ठेवला.

संध्याकाळी ती दवाखान्याच्या दारात उभी राहिली. बाहेर रिमझिम होती, ओढणीची टोकं भिजली होती. आत डॉक्टर टेबलावर वाकून टाके घालत होता. पेशंट कुठंच दिसत नव्हता.

तो तिचाच कागद होता. भोकाच्या जागी साध्या निळ्या कागदाचं ठिगळ बसवून तो कडेनं शिवत होता. टाके इतके बारीक की जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हते.

“दुकानं पालथी घातली,” तो मान वर न करता म्हणाला. “पिसांचा कुठंच मिळाला नाही. मला शिवणं तेवढं येतं...”

“कागद शिवताना फाटतो. हा कसा फाटला नाही?”

“पिल्लांची कातडी याहून पातळ असते.”

तिनं ठिगळावरून बोट फिरवलं. त्याचं बोटही तिथंच होतं. दोघांनीही काढलं नाही.

“मी त्या दिवशी जे बोलले ना... मांजरासाठी... तसं बोलायला नको होतं. बाई भेटल्या मला. चुकलं माझं.”

“तुम्हाला घरी कात्री म्हणतात, हे तुमच्या वहिनींनी सांगितलं मला.”

“वहिनीला फोन केलात? आणखी काय सांगितलं तिनं?”

“बरंच काही. फक्त हा कागद कुणासाठी ठेवला होता, ते नाही. म्हणाल्या... ते तिचं तिलाच विचारा.” त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. “विचारू?”

“कात्री द्या,” ती म्हणाली. “आणि पेन.”

तिनं कागद समोर घेतला, आणि कोपरा सोडून सरळ मध्ये कात्री घातली. ठिगळ, टाके, पिसं, सगळं घेऊन.

“अहो, मधोमध?” तो ओरडलाच.

“गप्प बसा.”

कार्ड घडी घालून झालं. पेन मात्र हलेना. जिची जीभ कधी अडली नाही, तिचा हात आज अडला होता. बाहेर रिमझिम चालू होती, कुठल्याशा पिंजऱ्यात पोपट पुटपुटत होता. शेवटी तिनं भराभर लिहिलं आणि त्याच्याकडे न बघताच कार्ड पुढं केलं.

त्यानं ते उघडलं. ‘एकदा विकलेलं परत घेत नाही, असं म्हणाले होते. शब्द मागे घेते. मशीन परत हवंय... मालकासकट.’

त्यानं ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

“मालक...” त्यानं कार्ड जपून मिटलं. “मालक जरा जुन्या वळणाचा आहे. अधूनमधून कडकड करील.”

“करू दे. घाबरायचं नाही,” ती म्हणाली. मग तिनं त्याच्याकडे बघितलं.

आता दर रविवारी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत कात्र्या चालतात. सुरुवात सशावाल्या मुलीनं केली. मग तिच्या मैत्रिणी आल्या. मोबाइलमध्ये हजारो फोटो साठवून कंटाळलेल्या त्या मुलींना हातानं काही चिकटवायची हौस आली होती. बाईही येतात, नवा चष्मा लावून. वहिनी बाळाला घेऊन येते आणि काम न करता फक्त चिमटे काढते. खिशातलं ते पिल्लू आता खिशात मावत नाही, नेमकं हव्या असलेल्या कागदावरच जाऊन बसतं.

भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये पिसांचा तो कागद लावलाय, मधोमध भलंमोठं भोक असलेला. कागद कोपऱ्यातून कापावा, हे कात्री सगळ्यांना पहिल्याच दिवशी शिकवते. मग एखादी नवी मुलगी हमखास त्या फ्रेमकडे बोट दाखवून विचारते, “मग हा मधोमध कुणी कापला?”

तेव्हा दोन कोपऱ्यांतून दोन आवाज एकदम येतात, “मी.”