माडाला टांगलेला कोयता

खोटं वाटत असेल तर वाटो. मार्तंडरावांनी मरेपर्यंत यातला एक शब्द बदलला नाही.

१९५८ चा फेब्रुवारी. किहीमला माडांच्या वाडीमागे एक छोटी वेधशाळा होती. सूर्यावरून विजेने भारलेले कण सुटतात, आणि पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना कुंपण घालून अडवतं. ते कुंपण हललं की इथल्या अंधाऱ्या खोलीतली सुई हले, तिच्या आरशावरून पडणारा उजेडाचा ठिपका सरके, आणि फोटोच्या कागदावर रेघ उठे. मार्तंडराव तिथले निरीक्षक.

जवळ आलेल्या लोखंडानंही सुई हले, म्हणून नियम एकच. बांबूच्या कुंपणाआत लोखंड न्यायचं नाही. रखवालदार गुणाजी रोज दुपारी साडेबाराला आपला कोयता बाहेरच्या माडावर खिळ्याला अडकवी. खण्ण! मग अनवाणी आत येई.

एके दिवशी सूर्याचं मोठं वादळ आलं. वर्षभर वाट पाहिलेली रेघ… आणि कागद धुतला तर साडेबाराला तिच्यात सात मिनिटांचा खड्डा. कोणीतरी लोखंड आत नेलं होतं.

मार्तंडरावांचा हात खिशात गेला.

अडकित्ता! मेलं सुपारीचं व्यसन नडलं.

"कोणी नेलं?" वेधशाळेचे साहेब कडाडले.

"गुणाजीचा कोयता असेल," मार्तंडराव बोलून गेले.

गुणाजीनं हात जोडले. "सायेब, कोयता भायेर माडाला हाय. कुंपनाच्या आत कवाच न्हेला न्हाय. मार्तंडराव, तुमी तरी सांगा."

मार्तंडरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खिशातला अडकित्ता त्यांनी बाहेर काढला नाही.

गुणाजीची नोकरी गेली. उतारवयात नारळ पाडायला माडावर चढला, आणि पंधरवड्यात पडून गेला.

त्याच्या बाराव्याला मार्तंडरावांनी कागद धुतला…

साडेबाराला खड्डा. सात मिनिटं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.

अडकित्ता तर त्यांनी केव्हाच खाडीत फेकला होता. शेवटी एका दुपारी ते नुसत्या पंच्यावर खोलीत जाऊन बसले. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

साडेबारा…

खण्ण!

मग वाळूत अनवाणी पावलं. कुंपणातून आत आली… दाराशी थांबली…

कागदावरचा उजेडाचा ठिपका हळूच सरकला.

मार्तंडरावांनी घाबरून हात जमिनीवर टेकला. बोटांना गार लोखंड लागलं.

त्यांचाच अडकित्ता. खाऱ्या पाण्यानं ओला.

ते तसेच उघडे साहेबांकडे धावले. "गुणाजी खरं बोलत होता हो! लोखंड माझं होतं!" रडत रडत नोंदवहीत तसं लिहून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून रेघ सरळ येऊ लागली.

पण साडेबाराचं खण्ण काही थांबलं नाही. पावलं रोज दाराशी येऊन उभी राहत, कामावर परत घेतलंय का, हे विचारायला आल्यासारखी.

"लिहून दिलंय रे मी, गुणाजी," मार्तंडराव आतून सांगत.

ते दार त्यांना शेवटपर्यंत उघडवलं नाही.