बटाट्याचं सॅलड मुरेपर्यंत

दुसरा घास तोंडात गेला आणि दाताखाली अंडं आलं.

तेही संकष्टीच्या दिवशी! सिडनीतल्या केलीव्हिलच्या पार्कात आमच्या मराठी ग्रुपची पिकनिक होती. प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणलेलं, आणि टेबलाच्या एका टोकाला बटाट्याच्या फोडींचं पांढरंशुभ्र काहीतरी ठेवलेलं. आता मला सांगा, चिंचवडमध्ये वाढलेली मुलगी बटाटा आणि त्यावर पांढरं बघून काय समजेल? उपासाची दह्यातली कोशिंबीर. मी आपली डावभर वाढून घेतली. जरा गोडसर लागली, तर म्हटलं, साखरेचा हात सढळ दिसतोय कुणाचा तरी.

"हे कुणी आणलंय?" मी विचारलं. विचारलं कसलं, ओरडलेच.

"मी," शेजारून आवाज आला.

उंच, सावळा, डोक्यावर भलीमोठी हॅट... आणि माझा चेहरा बघून पाण्याचा ग्लास पुढे करणारा. हृषिकेश नाव. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. अंडं घातलंय तर चिठ्ठी नको लावायला? तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला की ही कोशिंबीर नाही. त्याचे वडील आफ्रिकेत, बोट्स्वानात खाणीवर इंजिनीअर होते, त्याचं सगळं लहानपण तिथे गाबोरोनला गेलं, आणि हे तिथलं रविवारच्या जेवणातलं बटाट्याचं सॅलड. मेयोनीज, उकडलेलं अंडं आणि चमचाभर कंडेन्स्ड मिल्क. कंडेन्स्ड मिल्क, बटाट्यात! मला हसू आलं, पण मी ते दाबलं. रागावलेल्या माणसाने लगेच हसू नये.

"माफ करा," तो म्हणाला. "तुमचा उपास मी मोडला ना, मग राहिलेला मी धरतो. चंद्र उगवेपर्यंत."

मला वाटलं, बोलायला काय जातंय. पण खरंच, त्यानंतर त्याने पानाला हात लावला नाही. माझ्याबरोबर राहणाऱ्या सावनीने नेमकं त्याच्यासमोर गरम पावभाजीचं ताट धरलं, तरी नाही. रात्री मी घरी चहा घेत होते, तर मेसेज. सावनीकडून नंबर मिळवला होता पठ्ठ्याने. 'ब्लॅकटाउनला ढग आहेत. तुमच्याकडे चंद्र दिसतोय का? फार भूक लागलीय.'

मी चहा तसाच टाकून बाल्कनीत गेले. नुकतीच सर येऊन गेली होती. ओल्या निलगिरीचा वास आमच्या सगळ्या टूनगॅबीभर पसरला होता, कौलांवरून पाणी निथळत होतं. मी रेलिंगला टेकून आभाळाकडे बघत राहिले... एका अनोळखी मुलाला जेवायला मिळावं म्हणून. ढग सरकले आणि समोरच्या छपरावर चंद्र आला. मी लिहिलं, 'दिसला. जेव आता.' पाठवल्यावर लक्षात आलं की मी त्याला एकदम 'तू'च म्हटलंय.

मग काय, सुरूच झालं. शनिवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, तो ट्रेनने यायचा आणि आम्ही ओढ्याकाठी लांबवर चालत जायचो. मी हॉस्पिटलात फिजिओ, दिवसभर लोकांना चालायला लावणारी; पण त्याच्याबरोबर चालताना माझीच पावलं रेंगाळायची. तो गाबोरोनचं सांगायचा. लाल माती, काट्याची झाडं, पाऊस आला की नाचत रस्त्यावर येणारी माणसं. शेजारी मा बोइतुमेलो राहायच्या, शाळेच्या हेडमिस्ट्रेस. दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला आख्खी गल्ली. हे सगळं सांगताना त्याचा आवाज असा मऊ व्हायचा, की मला मध्ये बोलावंसंच वाटायचं नाही. आणि मी न बोलणं म्हणजे काय ते माझ्या आईला विचारा.

एका शनिवारी स्टेशनवर ट्रेनची वाट बघताना त्याने सांगितलं की त्याला पश्चिम ऑस्ट्रेलियात, तशाच लाल मातीतल्या एका खाणीवर नोकरी मिळतेय. इथल्या ऑफिसात स्क्रीनसमोर बसून तो कोमेजला होता, हे मला दिसत होतंच. दोन आठवडे खाणीवर, एक आठवडा सुट्टी. सुट्टीला कंपनी विमानाने घरी सोडणार. फक्त घर कुठलं, ते पुढच्या रविवारपर्यंत त्यांना कळवायचं. पर्थ, की इकडे सिडनी.

"तुला काय वाटतं?" त्याने विचारलं. विचारताना माझ्याकडे बघत नव्हता, रुळांकडे बघत होता.

आणि मी... मी त्याला प्रवासाचा हिशोब समजावला. पर्थ कसं जवळ, सिडनीला यायचं म्हणजे किती दगदग, एवढ्याशा सुट्टीतले दोन दिवस असेच जाणार. पर्थच सोयीचं, मी म्हटलं. अगदी शहाण्यासारखं म्हटलं. तो "अच्छा" म्हणाला आणि ट्रेन आली. दार बंद होताना त्याने हात हलवला, आणि मला स्वतःच्या दोन मुस्काटात माराव्याशा वाटल्या. तो पर्थचा झाला तर माझ्या शनिवारांचं काय करू मी? पण कुणी विचारल्याशिवाय मनातलं सांगायचं आमच्या घरात कुणाला जमतच नाही. आणि त्याने तर विचारलंही होतं!

पुढच्या शनिवारी तो पिशवीभर बटाटे घेऊन आला. म्हणाला, एकदा तरी हे सॅलड तू न ओरडता खायला हवंस. सावनी नेमकी बाहेर गेली होती.

आम्ही बटाटे सालासकट उकडले. किचनची काच वाफेने धुरकट झाली, बाहेरचं ऊन तिच्यातून दुधासारखं आत आलं. साल काढून फोडी करायच्या, पण मोडू द्यायच्या नाहीत, आणि गरम असतानाच वर थोडं व्हिनेगर शिंपडायचं, म्हणजे ते आत जातं. तो सांगत होता, मी करत होते. बारीक कांदा, गाजर, मटार, अंडी. मेयोनीजमध्ये त्याने कंडेन्स्ड मिल्क सोडलं आणि चमचा माझ्यापुढे धरला. गोड, आंबट, खारट... चव कळायच्या आधी मला त्याची बोटंच दिसत होती.

आणि मग माझ्या हाताने घात केला. मी कढलं गॅसवर ठेवलं, तेल घातलं, मोहरीच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलं. बटाटा दिसला की आमचा हात फोडणीकडे जातो, त्याला मी काय करणार?

त्याने माझं मनगट धरलं. अगदी हलकं. दुसऱ्या हाताने गॅस बंद केला, पण मनगट मात्र सोडलं नाही.

"नुपूर," तो म्हणाला, "काही गोष्टींना फोडणी नको. तशाच राहू देत."

माझी नाडी त्याच्या बोटांखाली धावत होती, ती त्याला कळत असणारच. मग तो भानावर आल्यासारखा बाजूला झाला, सॅलड कालवलं, वर झाकण घातलं आणि सरळ फ्रिजमध्ये ठेवून दिलं.

"म्हणजे आत्ता खायचं नाही?" मी विचारलं.

"छे. मा बोइतुमेलो शनिवारी करायच्या, रविवारी वाढायच्या. रात्रभर मुरायला लागतं, नाहीतर बटाटा वेगळा आणि बाकीचं वेगळं लागतं." त्याने हात पुसले. "उद्या जेवायला येऊ?"

"ये," मी म्हटलं. आणि उद्या रविवार आहे हे आम्ही दोघांनीही उच्चारलं नाही.

तो गेल्यावर मी घरभर नुसती फिरत राहिले. मध्येच जाऊन फ्रिज उघडायचे, भांड्याकडे बघायचे, बंद करायचे. सावनीने दोनदा विचारलं, काय शोधतेयस? शेवटी तीच म्हणाली की तू नाही सांगितलंस तर मी फोन करून सांगेन त्याला. सांगायला निघाली मोठी! माझं प्रेम आहे, मीच सांगेन, असं मी तिच्यावर खेकसले. आणि खेकसल्यावर ऐकलं, की मी काय बोलले.

रविवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, ओले केस. बाल्कनीत ऊन आलं होतं, तिथेच पानं घेतली. सॅलड रात्रीत खरंच बदललं होतं. बटाट्याला सगळ्याची चव लागली होती, कांदा नरमला होता, आणि ती गोडी आता कुठून येतेय ते सांगताच येत नव्हतं. मी न ओरडता खाल्लं. परत वाढून घेतलं.

"कळवलंस का त्यांना?" मी विचारलं.

"नाही अजून. संध्याकाळपर्यंत वेळ आहे." त्याने चमचा खाली ठेवला. "तू म्हणालीस ते बरोबरच आहे म्हणा. पर्थ जवळ पडेल."

"मी खोटं बोलले."

तो बघतच राहिला. पण आता मागे फिरायचं नव्हतं.

"म्हणजे हिशोब खरा आहे," मी म्हटलं, "पण मला तो नकोय. तू खाणीवर जा. तुला ती लाल माती हवीय, दिसतं मला. दोन आठवडे मी वाट बघेन, चिडेन, रोज फोनवर भांडेन. पण सुट्टी लागली की... मला तू हवा आहेस, हृषिकेश. मला तू फार आवडतोस."

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. दोन्ही एकदम, लपवायची काही धडपड न करता. मग त्याने खिशातून फोन काढला आणि टेबलावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

"मग काय कळवू त्यांना?" त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "घर कुठे आहे माझं?"

"टूनगॅबी," मी म्हटलं.