सव्वाचा पाहुणा

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा दुपारचा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. आत मी एकटीच, आणि फोनला रेंज नाही. मी अजिबात घाबरले नव्हते असं नंतर सगळ्यांना सांगितलं, पण दार बडवून तळहात लाल झाले होते.

थोड्या वेळाने वरच्या फटीतून टॉर्चचा उजेड आला, पाठोपाठ आवाज.

"लिफ्टवाला आलोय. पंधरा मिनिटं लागतील. बोलत राहा, म्हणजे भीती वाटत नाही."

"पंधरा मिनिटं नाहीत माझ्याकडे," मी म्हणाले. "सव्वा वाजता मला एक दिवा लावायचाय."

हे ऐकून कुणीही मला वेड्यात काढलं असतं. ऑफिसात काढलंच होतं. मी दुकानदारांच्या वेबसाइट बनवायचे आणि रिकाम्या वेळात इंटरनेटवरच्या चमत्कारिक गोष्टी शोधायचे, म्हणून सगळे मला भंगारवाली म्हणायचे. कुठल्याशा बाईच्या वॉशिंग मशीनला किती मिनिटं उरलीत एवढंच जगाला सांगणारं एक पान मला सापडलं होतं. कानाला क्लिक केलं की तोंड फिरवणारं एक गाढव होतं. आणि एक पान नुसतं पांढरं, त्यावर एकच बटण, खाली दोन ओळी... 'हे दाबलंत की आमच्या आईच्या उशाशी दिवा लागतो. तिला बोलता येत नाही, पण कुणीतरी आठवण काढली हे कळतं.' खरं की खोटं, कोण जाणे. पण सात महिने रोज जेवणाच्या सुट्टीत मी ते दाबत होते.

मी फटीतून विनवलं, की तुमच्या फोनवरून दाबा ना, पत्ता सांगते. वरचा टॉर्च विझला. मला वाटलं, गेला.

"पत्ता पाठ आहे मला," तो म्हणाला. "ते पान मीच बनवलंय... घरी आम्ही तुम्हाला सव्वाचा पाहुणा म्हणतो."

दार उघडलं तेव्हा ग्रीसने माखलेला एक हात पुढे आला. मी तो धरून वर चढले, आणि सोडायला जरा उशीरच केला.

त्यानंतर आमच्या लिफ्टची तब्येत फारच नाजूक झाली. दर दोन दिवसांनी तो तपासायला यायचा आणि आम्ही जिन्यात बसून चहा प्यायचो. त्याची आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. अर्धांगवायूने तिची वाचा गेली. आपण कामावर असताना तिला एकटं वाटू नये म्हणून त्याने दिव्याला एक छोटं यंत्र लावून तो पानाशी जोडला होता. सुरुवातीला जगभरातून लोक दाबायचे, मग सगळे कंटाळले. उरलो तो आणि मी. माझा दिवा लागल्याशिवाय ती तिला सांभाळायला ठेवलेल्या मावशीच्या हातचा घास घ्यायची नाही.

"तू उशीर केलास की घड्याळाकडे बघत बसते," तो म्हणाला.

"सासू व्हायच्या आधीच एवढा धाक?" मी बोलून गेले आणि जीभ चावली. त्याचे कान लाल झाले.

घरी चल, असं तो नेहमी म्हणायचा, आणि मी म्हणायचे, उद्या. माझे बाबा वर्षभर खाटेवर पडून गेले होते. पुन्हा तशा खोलीत शिरायची माझी हिंमत नव्हती. हे मात्र त्याला सांगितलं नाही.

मग मला कामासाठी चार दिवस बाहेरगावी जावं लागलं. मी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. रोज सव्वाच्या ठोक्याला बटण आपोआप दाबलं जाणार. परत आल्यावर तो बंद करायचा राहिला... खोटं कशाला बोलू, मी तो बंद केला नाही. सोय झाली होती. सव्वा वाजता आता मी जिन्यात त्याच्याशी निवांत गप्पा मारत असायचे.

"आई हल्ली दिव्याकडे बघत नाही," एक दिवस तो म्हणाला. तो प्रोग्राम आजच बंद करायचा, असं मी ठरवलं आणि कामात विसरले.

दुसऱ्या दिवशी बाराला त्याचा फोन आला. आई गेली होती.

त्या खोलीत मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं ते असं. फिनेलचा वास, समोर भिंतीवर मोठं घड्याळ, चादरीखाली तिचा एवढासा देह. मी त्याच्या शेजारी नुसती उभी राहिले. फोन पर्समध्ये होता. घड्याळात सव्वा वाजला, आणि उशाशी दिवा लागला.

"बघ रे," मावशी रडत म्हणाली, "आजही कुणीतरी आठवण काढली तिची."

त्याने दिव्याकडे पाहिलं, मग माझ्या रिकाम्या हातांकडे.

संध्याकाळी सगळं आटोपल्यावर तो मला जिन्यापर्यंत सोडायला आला. किती दिवस आपोआप लागतोय, असं त्याने विचारलं. सतरा, मी म्हणाले.

"आईला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. यंत्र कुठलं आणि माणूस कुठला, हे ओळखण्यातच तिचा जन्म गेला. दिवा सलग दोन दिवस बरोबर ठोक्याला लागला, तेव्हा तिने मला बोटाने घड्याळ दाखवलं आणि तोंड फिरवलं. जेवायची, पण माझ्यासाठी."

"मला का नाही बोललास?"

"तुला आपणहून वाटेल, असं वाटलं."

चुकलं माझं, मी म्हणाले. आणि तुझ्यावर प्रेम आहे माझं, हेही म्हणाले. दोन्ही एकाच श्वासात, नको त्या दिवशी.

"आज नको," तो म्हणाला आणि आत गेला.

पुढे लिफ्ट तपासायला दुसराच कोणी येऊ लागला. मी त्या चार ओळी पुसून टाकल्या आणि पुन्हा हाताने बटण दाबू लागले. कधी एक वाजून दहाला, कधी वीसला. दिवा अजून तिथे आहे का, हे कळायला मार्ग नव्हता. सहा आठवडे असे गेले. मला त्याची फार आठवण यायची, आणि जिला कधी भेटले नाही त्या बाईचीही.

एक दिवस बटणाखाली नवी ओळ दिसली.

'आज सात मिनिटं उशीर. मी वाट बघत होतो.'

दुसऱ्या दिवशी मी बटण दाबलं नाही. जेवणाच्या सुट्टीत निघाले, त्याच्या घरचे तीन जिने चढले आणि दाराची बेल दाबली.