धरलेलं चाक

आमचं बाळ, पिल्लू, दुपारी जरा शांत असलं की मी त्याला घेऊन घराखालच्या गाळ्यात उतरायची. तिथे माझी धाकटी नणंद गाडीखाली आडवी असायची. दिसायची ती फक्त पावलं, आणि ऐकू यायचं अर्धवट गाणं. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. इतकं देखणं काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. गंजलेला नट सोडवतानाही ती झटापट करत नसे. पान्हा लावून क्षणभर थांबायची, नटाला विचारल्यासारखी, आणि मग मनगट एकदाच वळायचं.

गाडी जुनी, दोन दारांची. आतलं अस्तर, मागची सीट, सगळं काढून तिने ती इतकी हलकी केली होती की सासूबाई म्हणायच्या, "आता दोरीवर वाळत घाल तिला." पुढे मात्र भलं मोठं इंजिन. गेल्या वर्षी डोंगर चढण्याच्या शर्यतीत शेवटच्या उजव्या वळणावर तिचं आतलं चाक हवेत उचललं गेलं. सगळी ताकद त्या रिकाम्या भिरभिरणाऱ्या चाकाने खाल्ली. चाक परत रस्त्यावर आदळलं तेव्हा डिफरन्शियलचे दात तुटले आणि गाडी उताराने मागे घरंगळली. भिंगरीच्या खांद्यात तेव्हापासून सळई आहे.

यंदा ती पुन्हा जाणार होती. तिला अडवणं आमच्यापैकी कुणाला जमणारं नव्हतं. डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणारी ती लोखंडी पेटी, नीट निवडणं एवढंच माझ्या हातात होतं. पिल्लाच्या आधी मी गिअरचे आराखडे काढायचे.

"छोट्या ट्रकचं बसवू," भिंगरी म्हणाली. "तुटायची भानगडच नको."

"बकरीच्या पाठीवर हत्तीची अंबारी? मागे वजन वाढलं की खड्ड्याखड्ड्याला चाकं उड्या मारतील. हलक्या गाडीला इतकं लागत नाही गं. आधीच्यापेक्षा जाड दात, जाड एक्सल, बास."

"आणि चाक परत उचललं तर?"

उचललेलं चाक आवरून धरणारी डिफरन्शियल्स असतात, पण आमच्या मापाचं कुठेच मिळेना.

भंगारवाल्याकडे शेवटी एक साधं सापडलं. त्याच मापाचं, दात भक्कम, एक ओरखडा नाही. ज्या गाडीतून काढलं तीही धडधाकट होती म्हणे.

"फक्त उतारावरसुद्धा ढकलत आणावी लागली," तो म्हणाला. "ब्रेक धरले असतील म्हणून बघितलं, तर ब्रेक मोकळे."

भिंगरी हसली. "माझ्यासारखी हट्टी दिसतेय."

बसवून झालं. गाडी मागून उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवलेली. समोर भिंतीपाशी, उजव्या बाजूला, पिल्लाचं कठड्याचं अंथरूण. तिथे ऊन येत नाही. मी डाव्या चाकाशी बसले आणि ते हाताने फिरवलं. अशा वेळी पलीकडचं चाक उलटं फिरतं. साधं डिफरन्शियल असंच वागतं.

पलीकडचं चाक हललं नाही. त्याऐवजी इंजिनाकडून येणारा मधला शाफ्ट फिरला.

"भिंगरी, सोड ना चाक."

"मी इथे आहे," ती माझ्या मागून म्हणाली. तिच्या हातात चहाचे कप होते.

आम्ही सगळं उतरवून पाहिलं. बेअरिंग गुळगुळीत, ब्रेक सैल. उजवं चाक एकटं फिरवलं तर पंख्यासारखं फिरायचं. पण डावं फिरवलं की उजवं थांबायचं. घट्ट नाही, हळुवार. पिल्लाची मान सावरायला आपण तळवा लावतो ना, तसं. पिल्लू कठड्यातून तिकडेच बघून खुदखुदत होतं.

भिंगरीने टायरवर तळहात ठेवला आणि पटकन काढला.

"काय झालं?"

"ऊब आहे. एवढ्याच जागेत." तिने दाखवलेली जागा पंजाएवढी होती.

"काढून टाकू," मी म्हटलं. "दुसरं बघू."

ती चाकासमोर उकिडवी बसली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. एखाद्या उत्तम कारागिराचं काम बघताना तिचे डोळे होतात तसे झाले होते.

"वहिनी, जे धरतंय ते नेमकं जेवढं हवं तेवढंच धरतंय. असं मला जन्मात जमणार नाही."

"म्हणून तू त्याच्या भरवशावर डोंगर चढणार?"

"गेल्या वर्षी कुणाच्या भरवशावर होते?"

काढून टाक, असं मी पुन्हा म्हटलं नाही. मलाही ती घरी परत यायला हवी होती.

शर्यतीच्या सकाळी मी पिल्लाला कडेवर घेऊन त्याच वळणाच्या आतल्या बाजूला, कठड्यामागे उभी राहिले. इंजिनाचा आवाज खालून वर चढत आला. गाडी वळणात शिरली. कलली.

उजवं मागचं चाक उचललं गेलं.

ते आता वेड्यासारखं भिरभिरायला हवं होतं.

ते हवेत स्थिर होतं. टायरवरची पांढरी अक्षरं मला वाचता येत होती.

डाव्या चाकाने रस्ता पकडला आणि भिंगरी वर निघून गेली. गेल्या वर्षीच्या त्या जागेवरून, सरळ, सुंदर. मी रडत होते. पिल्लू रस्त्याकडे हात हलवत होतं, पण गाडी गेली त्या दिशेला नाही.

घरी आल्यावर आम्ही गाडी पुन्हा उचलली. मी डावं चाक फिरवलं. उजवं उलटं फिरलं, आज्ञाधारकपणे, कुठल्याही चाकासारखं.

भिंगरी टायर चाचपत राहिली. "गार आहे," ती म्हणाली. "गेलं गं वहिनी. नीट आभारही मानले नाहीत."

मला सुटल्यासारखं वाटलं.

काल पिल्लू पहिल्यांदा चाललं.

पलंगाचा आधार सोडून ते खोलीच्या मधोमध आलं. सासूबाई ओरडल्या, "अगं धर, पडेल!" मी हात पुढे केले. पिल्लाचा पाय दुमडला, अंग एका बाजूला कललं. इतकं कललेलं अंग उभं राहत नाही. वजनाचं गणित मला कळतं.

ते पडलं नाही. तसंच तिरकं राहिलं, हसत. उजवा हात वर, आणि मूठ मोठ्या माणसाच्या बोटाभोवती वळावी तशी वळलेली.

मग ते हळूच सरळ झालं.

आणि माझ्या पसरलेल्या हातांकडे न येता, दाराकडे चालू लागलं.