गडग्याच्या अलीकडे

डोंगरमाथ्यावरच्या एका द्राक्षमळ्यातून मूठभर काड्या आणायच्या, एवढाच मोहिमेचा हेतू होता. पण तो मळा साधा नव्हता! मागच्या शतकात मुळांना डसणाऱ्या एका किडीने फ्रान्समधल्या द्राक्षवेली उभ्याच्या उभ्या वाळवल्या होत्या. कीड इतकी बारीक की भिंगाशिवाय तिचे पाय दिसत नाहीत. तेव्हापासून तिथे वेल लावतात ती अमेरिकन वेलीच्या मुळावर कलम करून. ते मूळ कीड सोसते. स्वतःच्या मुळांवर उभा असलेला मळा त्या भागात एकच उरला होता, पिएरच्या आत्याचा.

पिएर हा श्यामचा शेतकी महाविद्यालयातला मित्र. श्याम वेळणेश्वरचा, आंब्याच्या बागेत वाढलेला. मुंबईला शास्त्राची पदवी घेऊन तो फ्रान्सला शिकायला आला होता. आत्याच्या मळ्यातल्या काड्या घरच्या कातळावर धरतात का, हे त्याला करून पाहायचे होते. तिसरा गडी केरू. हाही कोकणातलाच, अलोऱ्याचा. बोटीच्या भट्टीवर कोळसा ओढत आला आणि मार्सेय बंदरातल्या एका खानावळीत कामाला राहिला. श्यामची त्याची ओळख तिथलीच. डोंगर चढायचा आहे म्हटल्यावर तो आपण होऊन निघाला होता.

१९३४ सालच्या फेब्रुवारीतली ती सकाळ. पायवाट मळ्यामळ्यांतून जात होती. छाटलेल्या वेलींचे काळे खुंट ओळीने उभे होते, मधल्या मातीवर हिम साखरेसारखे भुरभुरले होते, आणि बांधाबांधावर छाटणीच्या काड्या जळत असल्यामुळे सगळ्या उतारावर निळसर धूर रेंगाळत होता. केरूच्या पाठीवर गोणपाटाने झाकलेली टोपली होती.

"त्यात काय आहे?" पिएरने विचारले.

"तुझ्या आत्यांना भेट. वर पोचल्यावर दाखवीन!" श्याम हसून म्हणाला.

वेळणेश्वरात कुणा बागायतदाराकडे पहिल्यांदा जायचे तर रिकाम्या हाताने जात नाहीत. आपल्याकडचे चांगले कलम, मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फोडता, पेंढ्यात आवळून न्यायचे. श्यामने तसेच केले होते. महाविद्यालयाच्या मळ्यातून सगळ्यांत तजेलदार वेल निवडून, काकांनी शिकवल्याप्रमाणे माती ओली करून, त्याने स्वतः ती बांधली होती.

मळे संपले. पुढे ओढा, आणि पलीकडे चेस्टनटचे जंगल. ओढ्याशी पिएर थांबला.

"इथे बूट खरवडायचे. खालची माती वर न्यायची नाही. आमच्या घरचा नियम आहे."

"अगदी शास्त्रशुद्ध!" श्याम म्हणाला, आणि चाकूने तळवे खरवडता खरवडता त्याने केरूला ती कीड समजावून सांगितली.

"येवड्याशा किड्याला येवडा मोठा मुलूक भ्याला?" केरूने कपाळाला हात लावला. "आनि आमी कोकनात ढेकनांशी नांदतो!"

तिघांचे बूट स्वच्छ झाले. टोपली दगडावर ठेवलेली होती. तिच्याकडे कुणी पाहिलेही नाही.

ओढ्याला पूल नव्हता, फक्त दगड होते. त्यांवर बर्फाचा पापुद्रा होता. पिएर पार झाला. श्याम पार झाला. केरूने मधल्या दगडावर पाय ठेवला आणि दगड हलला! टोपली सुटली. पाणी तिला ओढू लागले.

"सोड! केरू, सोड तिला!" श्याम ओरडला.

पण केरूने कमरेएवढ्या पाण्यात उडी घेतली होती! एक पाय दोन दगडांत अडकला. त्याने टोपली छातीशी धरली आणि तसाच उभा राहिला. श्यामने फांदी पुढे केली, पिएरने श्यामचा पट्टा धरला. खेचा! पुन्हा खेचा! शेवटी तो काठावर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि घोटा सुजायला लागला होता.

"वेडा आहेस का तू?"

"आवो, पावन्याकडं जातांव. भेटच वाहून गेली तर तोंड काय दाकवाल?"

श्यामने त्याला आपला कोट दिला, घोटा बांधला, आणि टोपली स्वतःच्या पाठीवर घेतली. ती पहिल्यापेक्षा जड लागत होती. गार चिखलपाणी पाठीवरून बुटांत उतरत होते.

"कुंबार्ली घाटात भाताचं बोचकं डोसक्यावर घेऊन चढतो आमी," काठीवर लंगडत केरू म्हणाला. "ह्यो कसला घाट!" पण दात वाजत असल्यामुळे त्याची बढाई तुटक तुटक बाहेर पडत होती.

वर वारा सुटला. असा वारा श्यामने समुद्रावरही पाहिला नव्हता! हिमकण तोंडावर वाळूसारखे आपटत होते. वाट दिसेना. तिघे एकमेकांचे पट्टे धरून चालले, पडले, उठले. आणि एकदम वारा पडला. समोर दगडी गडगा होता, कोकणातल्यासारखाच, चुन्याशिवाय रचलेला. पलीकडे मांडीएवढ्या जाड, पीळ पडलेल्या वेली.

"पोचलो!" श्यामने टोपली गडग्यावर टेकवली आणि वळून पाहिले.

मागे पांढऱ्या हिमावर त्याच्या पावलांशेजारी तपकिरी ठिपके पडले होते. टोपलीचा तळ उसवला होता.

माती.

त्याने खिशातले भिंग काढले आणि लोंबणारे एक मूळ जवळ धरले. बारीक मुळांवर गाठी होत्या. गाठींच्या सांदीत, थंडीने निपचित, तपकिरी कण चिकटले होते. वेल तजेलदार होती, कारण तिचे मूळ कीड सोसणारे होते. हेच तो परीक्षेत लिहू शकला असता! बुटांच्या तळव्यांवर व्याख्यान दिले होते त्याने, आणि भेटीच्या वेलीभोवतीही खालचीच माती आहे हे डोक्यात आलेच नव्हते.

टोपली गडग्यावरून उचलताना आणखी दोन ढेकळे सुटली. ती पलीकडे, मळ्यात पडली.

केरू आत जायला फाटकाकडे वळला होता.

"थांब! आत पाऊल टाकू नका कुणी!"

कुणालाच काही दिसले नव्हते. गोळा दरीत भिरकावून देता आला असता. केरूने तो वाचवण्यासाठी पाय दुखावून घेतला होता, आणि आता त्याच्यासमोरच हे बोलायचे होते. श्याम बोलला. पिएरचा चेहरा पांढरा पडला. तो चार पावले दूर जाऊन उभा राहिला.

केरूने सगळे ऐकून विचारले, "म्हंजे मी किडा वाचिवला?"

"तू नाही रे. मी बांधला होता तो."

आत्या आली, उंच, वाळकी, हातात छाटणीची कात्री. पिएरने सांगितले. तिने श्यामकडे पाहिलेही नाही. फावड्याने तिने ढेकळांभोवतीचे हिम आणि खालची माती खोल उकरून लोखंडी घमेल्यात भरली, खड्ड्यात जळते निखारे ओतले. गडग्याच्या अलीकडे श्यामने जाळ केला. वेल गेली, टोपली गेली. मग त्याने चिखलाने माखलेले आपले बूट काढले आणि तेही आगीत टाकले. पायमोजे हिमाला चिकटू लागले. मागे फिरून तो वाटेवरचे ठिपके वेचत गेला, एकेक आणून जाळात टाकत राहिला. शेवटी त्याला पायांची बोटे जाणवेनाशी झाली.

"वाचेल का मळा?" त्याने गडग्याबाहेरूनच विचारले.

"दोन उन्हाळे गेले की पानं सांगतील," आत्या म्हणाली.

गडग्यावर काड्यांची एक जुडी ठेवलेली होती, ओल्या शेवाळात गुंडाळलेली, त्याच्यासाठीच कापलेली. आत्याने ती तिथून हलवली नाही. श्यामने जुडीकडे पाहिले, आणि नकारार्थी मान हलवली.

"नको. आज नको."

ती घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पुरुषी बुटांचा जुना जोड होता. तिने तो गडग्यावरून अलीकडे टाकला.

"माझ्या नवऱ्याचे आहेत. दिलेले नाहीत, उसने आहेत. दोन उन्हाळ्यांनंतर स्वतः आणून दे. पानं हिरवी असली, तर काड्या तेव्हा."

उतरताना केरूचा एक हात श्यामच्या खांद्यावर होता, दुसरा पिएरच्या. बूट फार मोठे होते. पावलागणिक टाच घासली जात होती.

"वायच गवत कोंबा की आत," केरू म्हणाला. "फोड येतील."

"येऊ देत," श्याम म्हणाला, आणि केरूचा भार आणखी थोडा आपल्याकडे ओढून घेतला.